शून्य म्हणजे कडी लागलेली

1994 साली हुलेट-पॅकार्डनं 712 नावाचं वर्कस्टेशन, म्हणजे व्यावसायिक कामाचा ताकदवान संगणक, बाजारात आणलं. चपटा खोका, वर मॉनिटर ठेवायचा. कंपनीतलं त्याचं सांकेतिक नाव होतं गेको, म्हणजे पाल. आत एचपीचाच पीए-रिस्क जातीचा प्रोसेसर, 60 किंवा 80 मेगाहर्ट्झचा. ही जात 1986 साली जन्मली आणि 2008 अखेर तिच्या सर्व्हरची विक्रीही थांबली. तरी ओपनबीएसडी आणि नेटबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टीम आजही तिच्यावर चालतात. लिनक्सच्या कर्नलमध्येही, म्हणजे गाभ्यातही, तिच्यासाठीचा कोड अजून आहे. डेबियन या लिनक्सच्या एका अवतारानं मात्र 2009 च्या आवृत्तीनंतर तिला अधिकृत यादीतून काढलं. आता हौशी मंडळी तो गाडा ओढतात.

हा खटाटोप नुसत्या जुन्याच्या प्रेमापोटी चाललाय असं मला वाटत नाही. या प्रोसेसरच्या खोडी इतक्या तऱ्हेवाईक आहेत, की इतरत्र बिनबोभाट चालणारा चुकार कोड इथं उघडा पडतो.

रेल्वेच्या डब्यातलं शौचालय आठवा. रिकामं आहे का ते बघणं आणि आतून कडी लावणं, या दोन कृतींच्या मधे दुसरा कुणी घुसला तर पंचाईत. संगणकात एकाच माहितीला दोन कामं एकदम हात घालतात तेव्हा हेच होतं. म्हणून बघणं आणि कडी लावणं एका दमात उरकणारी आज्ञा प्रोसेसरमध्येच असावी लागते. इंटेलच्या प्रोसेसरमध्ये अशा बऱ्याच आज्ञा आहेत, आणि तिथला रिवाज असा: 0 म्हणजे मोकळं, 1 म्हणजे आत कुणीतरी आहे. पीए-रिस्ककडे या कामाची मुळात एकच आज्ञा, ‘लोड अँड क्लिअर वर्ड’. ती मेमरीतला आकडा वाचते आणि त्याच दमात तो पुसून 0 करते. साहजिकच इथं 0 म्हणजे कडी लागलेली!

आता गंमत बघा. ऑपरेटिंग सिस्टीम प्रोग्रॅमला नवी मेमरी देते ती शून्यांनी भरून. ‘कुलूप (म्हणजे ही कडीच) सुरुवातीला मोकळं करून ठेवायची काय गरज, 0 च असणार, म्हणजे उघडंच’ असा आळस एखाद्यानं केला, तर इंटेलवर तो वर्षानुवर्षं खपून जातो. पण कुलूप थेट या आज्ञेवर बेतलेलं असेल, तर इथं तोच प्रोग्रॅम पहिल्याच दाराशी अडतो. एररचा संदेश वगैरे काही नाही. आत कुणीच नसलेल्या दाराबाहेर तो वाट बघत बसतो.

वर आणखी एक अट: मूळ रचनेत या कुलपाचा पत्ता, म्हणजे मेमरीतल्या जागेचा क्रमांक, 16 नं नि:शेष भाग जाणारा हवा. आकडा तर 4 बाइटचा, तो 4 नं भाग जाणाऱ्या कुठल्याही पत्त्यावर पडू शकतो. लिनक्सवाल्यांनी यावर केलेला जुगाड मला फार आवडतो. एका कुलपासाठी ओळीनं 4 बाइटांची 4 घरं अडवायची. त्यांतल्या एका घराच्या पत्त्याला 16 नं भाग जातोच. तेवढंच वापरायचं, उरलेली तीन रिकामी.

दुसरी खोड स्टॅकची. फंक्शनची तात्पुरती माहिती जिथं रचली जाते ती ही चवड. बहुतेक प्रोसेसरवर ती मोठ्या पत्त्याकडून लहान पत्त्याकडे, म्हणजे खाली वाढते. पीए-रिस्कवर वर चढते. सुरक्षेच्या दृष्टीनं हे रंजक आहे. खाली वाढणाऱ्या स्टॅकमध्ये डेटा ठरलेल्या जागेबाहेर सांडला, तर ‘काम संपल्यावर कुठं परतायचं’ हा पत्ताच पुसला जाऊ शकतो, आणि हल्लेखोराला तेच हवं असतं. वर चढणाऱ्या स्टॅकमध्ये तो ओघळ उलट दिशेला जातो. म्हणून धोका टळला का? नाही. डेटा नकलायचं काम ज्या फंक्शनला दिलं, त्याची माहिती नेमकी त्याच दिशेला वर रचलेली असते. फटका त्याला बसू शकतो.

जुन्या यंत्रांचे वीजपुरवठे आणि डिस्क आता दगा देऊ लागल्यात. त्यामुळे क्यूइमू हा प्रोग्रॅम साध्या लॅपटॉपमध्ये आख्खं पीए-रिस्क यंत्र उभं करतो. यंत्र नकली, पण शून्याला ‘मोकळं’ समजणारा प्रोग्रॅम तिथंही तसाच दाराबाहेर अडकतो.