स्टेशनातून सरळ समुद्राकडे: इंग्लंडच्या किनारी गावांची पार्श्वभूमी

स्कारबरो स्टेशनच्या एक नंबर फलाटावर भिंतीला लागून एक लाकडी बाक आहे. आम्ही दोघं त्याच्या कडेकडेनं चालू लागलो आणि तो संपेचना. लांबी १३९ मीटर. रेल्वे स्टेशनवरचा जगातला सर्वांत लांब बाक म्हणून तो दाखवतात. संध्याकाळच्या परतीच्या गाड्यांसाठी किती माणसं इथं ताटकळत असतील, ते हा बाक न बोलता सांगतो. पूर्ण सहल रेल्वेनं करायची, असं आम्ही खर्चाचा हिशेब मांडून ठरवलं होतं. पण ही गावं समजून घ्यायची तर रेल्वेनंच जायला हवं, हे त्या बाकावर बसल्यावर पटलं. या गावांना मोठं केलं ते रेल्वेनं.

रेल्वेच्याही आधी आले डॉक्टर. १६२६ च्या सुमारास एलिझाबेथ फॅरो नावाच्या बाईंना स्कारबरोच्या कड्याखाली एक खनिज पाण्याचा झरा दिसला. ते पाणी औषधी मानून लोक प्यायला येऊ लागले. झरा समुद्रालगतच असल्यामुळे हळूहळू समुद्रस्नानाचीही सवय लागली. पुढे १७५० मध्ये लुइस गावच्या डॉ. रिचर्ड रसेल यांनी ग्रंथींच्या विकारांवर समुद्राचं पाणी गुणकारी असतं, असं सांगणारा लॅटिन ग्रंथ लिहिला. या पाण्यात डुंबायचं आणि ते प्यायचंही! काही वर्षांत ते स्वतः ब्रायटनला येऊन राहिले. तेव्हा ब्रायटन म्हणजे कोळ्यांचं पडतीला आलेलं गाव होतं. त्याच्या दारात पैसेवाले रोगी येऊन उभे राहिले.

त्या काळच्या स्नानाचा थाट वेगळाच होता. चाकांवरची एक लाकडी खोली, आत कपडे बदलायचे, घोडा ती खोली पाण्यात ओढत नेणार. तिथे दणकट बायका उभ्या असायच्या. त्या रोग्याला धरून लाटेत बुचकळून काढत. त्यांना डिपर म्हणत. ब्रायटनची मार्था गन ही त्यांतली सगळ्यांत नावाजलेली. १८१५ मध्ये वारली तेव्हा ती नव्वदीला टेकली होती.

१७८३ मध्ये युवराज जॉर्ज पहिल्यांदा ब्रायटनला आला आणि गावाचं नशीब फळफळलं. त्याच्यासाठी वास्तुविशारद जॉन नॅश यांनी १८१५ ते १८२२ या काळात रॉयल पॅव्हिलियन या राजवाड्याला आजचं रूप दिलं. बाहेरून हिंदुस्थानी घुमट आणि मिनार, आत चिनी सजावट. याच गावात पाटण्यात जन्मलेल्या शेख दीन महोमेद यांनी वाफेचं स्नान आणि चंपीचं दुकान थाटलं. चौथा जॉर्ज (म्हणजे तोच युवराज) आणि चौथा विल्यम या दोन्ही राजांचे ते अधिकृत चंपीवाले. आज जगभर बाटलीत मिळणाऱ्या शाम्पूचं नाव आपल्या चंपीवरूनच आलंय, हे किती जणांना ठाऊक असतं?

इथवर सगळी चैन श्रीमंतांची. २१ सप्टेंबर १८४१ ला लंडन-ब्रायटन रेल्वे पूर्ण सुरू झाली आणि चित्र पालटलं. घोडागाडीला पाच-सहा तास लागत, ते अंतर दोनेक तासांवर आलं. १८४४ च्या कायद्यानं प्रत्येक रेल्वे कंपनीला दिवसातून निदान एक गाडी मैलाला एक पेनी दरानं, छप्पर असलेल्या डब्यांसह चालवणं भाग पडलं. कारकून, दुकानदार, कामगार समुद्रावर येऊ लागले. राणी व्हिक्टोरियाला ही गर्दी सोसवेना. १८४५ नंतर ती पॅव्हिलियनमध्ये राहायला आली नाही आणि १८५० मध्ये तो राजवाडा गावालाच विकला. आज आपण तिकीट काढून आत शिरतो, त्यामागे ही रेल्वे आहे.

उत्तरेत हाच बदल आणखी जोरात झाला. ब्लॅकपूलला रेल्वे १८४६ मध्ये पोचली. लँकेशायरच्या कापडगिरण्यांची गावं वर्षातून एकदा आठवडाभर गिरणी बंद ठेवत आणि अख्खं गाव एकदम समुद्रावर येई. गिरणगावाच्या आठवणी ज्या घरांत आहेत, त्यांना हे चित्र वेगळं समजावून सांगायला नको. पुढे १८७१ मध्ये बँक हॉलिडेचा, म्हणजे सार्वजनिक सुट्ट्यांचा कायदा झाला, १८८५ मध्ये ब्लॅकपूलला विजेची ट्राम आली, १८९४ मध्ये १५८ मीटर उंच टॉवर उभा राहिला. पगारी रजेच्या कायद्याला मात्र १९३८ उजाडावं लागलं.

साठ-सत्तरच्या दशकांत स्वस्त विमानांनी लोकांना स्पेनच्या उन्हात नेलं. तोट्यातले रेल्वेमार्ग बंद करा, असं सांगणाऱ्या १९६३ च्या बीचिंग अहवालानंतर कितीतरी मार्ग बंद पडले. स्कारबरो-व्हिटबी हा कड्यावरून जाणारा मार्ग मार्च १९६५ मध्ये गेला. आम्हाला व्हिटबी गाठायला बस धरावी लागली. याच मार्गाचा तिथला एस्क नदीवरचा तेरा कमानींचा विटांचा पूल अजून भक्कम उभा आहे. त्यावरून आता माणसं चालतात, सायकली जातात. तो पाहून मला फार वाईट वाटलं.

ब्रायटनला जाणाऱ्या मराठी माणसानं एक वाट चुकवू नये. पहिल्या महायुद्धात जखमी झालेल्या हिंदी सैनिकांसाठी डिसेंबर १९१४ पासून रॉयल पॅव्हिलियनचं इस्पितळ केलं होतं. निरनिराळ्या धर्मजातींसाठी स्वयंपाकघरं वेगळी, पाण्याचे नळ वेगळे. जे वाचले नाहीत, त्यांतल्या हिंदू आणि शीख सैनिकांना गावाबाहेर पॅचमजवळच्या टेकडीवर अग्नी दिला. तिथे आज स्मारक म्हणून पांढऱ्या संगमरवराची घुमटी, म्हणजे छत्री आहे. तिचा आराखडा मुंबईच्या ई. सी. हेन्रिक्स या तरुण वास्तुविशारदाचा. फेब्रुवारी १९२१ मध्ये तिचं अनावरण झालं. रेल्वे तिथवर जात नाही, शेवटचा टप्पा मेंढ्यांच्या कुरणातून पायीच जावं लागतं. आम्ही पोचलो तेव्हा वारा जोराचा होता आणि खाली दूरवर समुद्राची पट्टी दिसत होती. त्या जवानांची रक्षा त्याच समुद्रात सोडली होती.