मेनफ्रेम डेटाबेसची इंटरनेट जोडणी

बँका, विमा कंपन्या, विमानसेवा यांच्या मेनफ्रेम म्हणजे मोठ्या मध्यवर्ती संगणकांत साठलेली माहिती ब्राउझर किंवा मोबाइल अ‍ॅपमधून थेट ग्राहकाला दाखवण्याची व्यवस्था. अमेरिकेत १९९० च्या दशकाच्या मध्याला तिने जोर धरला. फेडेक्सने १९९४ मध्ये पार्सलचा ठावठिकाणा वेबसाइटवर दाखवायला सुरुवात केली आणि १९९५ मध्ये वेल्स फार्गो बँकेच्या खातेदारांना आपली शिल्लक इंटरनेटवर पाहता येऊ लागली. तोवर ग्राहक फोन करी आणि पलीकडचा कर्मचारी टर्मिनलवर (मेनफ्रेमला जोडलेल्या पडदा-कीबोर्डवर) पाहून उत्तर देई.

आयबीएमची आयएमएस ही डेटाबेस प्रणाली १९६८ मध्ये अपोलो मोहिमेच्या कामासाठी सुरू झाली, तर व्यवहार हाताळणारी सीआयसीएस १९६९ मध्ये आली. दोन्ही प्रणालींनी गृहीत धरलेला वापरकर्ता म्हणजे टर्मिनलसमोर, पुढे बहुधा आयबीएमच्या ३२७० जातीच्या टर्मिनलसमोर, बसलेला प्रशिक्षित कर्मचारी. त्यामुळे सुरुवातीची सर्वांत स्वस्त युक्ती ‘स्क्रीन स्क्रेपिंग’ची होती. मधला सर्व्हर स्वतःच टर्मिनल असल्याचे भासवी, २४ ओळी आणि ८० रकान्यांच्या पडद्यावरून आकडे वेचून घेई आणि वेबपानात बसवी. कोबोल भाषेतल्या मूळ प्रोग्रामला हात लावावा लागत नसे. पण कोणी पडद्यावरचा एखादा रकाना सरकवला, की वेबसाइट चुकीचा मजकूर उचले. तात्पुरती म्हणून केलेली ही सोय अनेक ठिकाणी वर्षानुवर्षे टिकली.

गंमत अशी की वेब आणि सीआयसीएस यांची कार्यपद्धती वाटते तितकी परकी नाही. ३२७० टर्मिनलवर भरलेला फॉर्म एकदमच पाठवला जातो. उत्तर दिल्यावर प्रोग्राम संपतो आणि पुढच्या फेरीपुरती माहिती बाजूला ठेवली जाते. वेबचा फॉर्मही असाच चालतो. खरी भांडणे बारीकसारीक गोष्टींत होती. मेनफ्रेमच्या एब्सिडिक संकेतात (अक्षरे-अंक साठवण्याच्या पद्धतीत) अक्षरे अंकांच्या आधी येतात, इतर संगणकांच्या आस्की संकेतात अंक आधी. म्हणून एकच यादी दोन्हीकडे वेगळ्या क्रमाने लागते. रात्री बॅच कामांसाठी (साठलेली कामे एकगठ्ठा उरकण्यासाठी) फाइली बंद ठेवल्या जात, त्यामुळे काही सेवांना वेबवरही ‘कार्यालयीन वेळ’ असे. सुरक्षेचा प्रश्न अधिक गंभीर होता: गेटवे, म्हणजे मधला सर्व्हर, सर्वांच्या वतीने एकाच खात्याने आत शिरत असेल, तर मेनफ्रेमच्या नोंदीत हजारो ग्राहकांऐवजी एकच वापरकर्ता दिसतो.

पुढे प्रोग्राम आणि डेटाबेस यांना थेट जोडणाऱ्या संदेश-रांगा, जेडीबीसी आणि एपीआय या सोयींनी पडद्याचा हा आडमार्ग बराच कमी केला. आता अनेक संस्था नुसत्या चौकशीसाठी मेनफ्रेमला त्रासच देत नाहीत. झालेले बदल सतत दुसऱ्या डेटाबेसात उतरवतात आणि वाचन तिथूनच होते. ही नक्कल मूळ नोंदीपेक्षा किंचित मागे असू शकते. पैसे वळते करण्याची अंतिम नोंद मात्र मेनफ्रेमवरच होते.