भाड्याचं दालन आणि कलाकार घडवणारं दालन

आम्ही ठाण्यात, नौपाड्यात, दोन खोल्यांचं ना-नफा कलादालन चालवतो. जी.डी. आर्ट, म्हणजे कलेची सरकारी पदविका, होऊन नुकतंच बाहेर पडलेलं कुणी आलं की पहिला प्रश्न ठरलेला: "ताई, आठवड्याचं भाडं किती?" भाडं नाही म्हटलं की चेहरा खुलतो, निवड होते म्हटलं की पडतो. पांढऱ्या भिंती, स्पॉटलाइट, उद्घाटनाला समई, भाड्याचं दालन आणि आमच्यासारखं कलाकार घडवणारं, बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. फरक आहे तो जोखीम कुणाची, यात.

भाड्याच्या दालनात ती कलाकाराची. चित्र विकलं जावो न जावो, भाडं आधी भरायचं. फ्रेमिंग, टेम्पो, निमंत्रणं सगळं त्याच्याच खिशातून. यात गैर काही नाही. मुंबईतलं काळा घोड्याचं जहांगीर कलादालन 1952 पासून उभं आहे, तिथेही अर्ज, निवड आणि मग ठरावीक दिवसांचं भाडं अशीच रीत. तयार काम आणि गाठीला पैसा असेल त्याने खुशाल घ्यावं. पण पहिलंच प्रदर्शन कर्ज काढून करू नका, हे मी प्रत्येकाला कळकळीने सांगते.

आमचं काम प्रदर्शनाच्या कितीतरी आधी सुरू होतं. कळव्याची एक मुलगी एचिंगचा, म्हणजे आम्लाने कोरलेल्या धातूच्या प्लेटवरून कागदावर काढलेल्या ठशांचा, गठ्ठा घेऊन आली. काम फार सुंदर, पण एकाच प्लेटच्या काही ठशांखाली पेन्सिलने 3/10 (एकूण दहांतला तिसरा ठसा) लिहिलेलं, काहींखाली 5/15. दहाच ठसे निघणार या भरवशावर घेणारा किंमत मोजतो, तो भरवसाच त्यात मोडत होता. आम्ही बसून एकेका प्लेटची नोंदवही केली, किमती ठरवल्या, काही कामं बाजूला काढली. तेव्हा ती रडवेली झाली होती. भिंतीवर मोकळी जागा मिळाल्यावर उरलेली कामं उठून दिसली, ते तिनेच आधी ओळखलं.

ना-नफा म्हणजे आम्ही विकत नाही, असंही लोकांना वाटतं. विकतो, कमिशनही घेतो. ट्रस्ट असो की कंपनी कायदा 2013 च्या कलम 8 खालची कंपनी, शिल्लक आपसात वाटून घेता येत नाही, ती कामातच घालावी लागते. नुसत्या कमिशनवर मात्र दालन चालत नाही, देणग्या मागाव्याच लागतात.

दालन कुठलंही असो, लेखी करार करा: कमिशन किती, पैसे किती दिवसांत, न विकलेलं काम कोण पोचवणार, वाटेत काच फुटली तर भरपाई कुणाची. आणि स्वतःच्या मनाने काढलेलं चित्र विकलं म्हणून त्याचा कॉपीराइट जात नाही. 1957 च्या कायद्याप्रमाणे लेखी दिल्याशिवाय तो तुमचाच. चित्र घेणाऱ्याला ते कॅलेंडरवर छापायचं असेल, तर त्याने तुमची परवानगी घ्यायला हवी.