शांतिसेना आणि नागरिक-संरक्षण

संघर्षग्रस्त प्रदेशातील सामान्य लोकांना हिंसेपासून वाचवणे हे आज संयुक्त राष्ट्रांच्या बहुतेक मोठ्या शांतिसेनांचे प्रमुख काम आहे. मुळात तसे नव्हते. शीतयुद्धाच्या काळात निळ्या शिरस्त्राणांचे सैनिक युद्धविरामरेषेवर देखरेख करत आणि शस्त्र उचलत ते स्वसंरक्षणापुरते.

१९९४ मध्ये रुआंडात दहा बेल्जियन शांतिसैनिक मारले गेले, बेल्जियमने तुकडी परत नेली आणि तुत्सी समाजाची कत्तल ऐन भरात असताना सुरक्षा परिषदेने तिथल्या शांतिसेनेचे संख्याबळ सुमारे २७० वर आणायचे ठरवले. पुढच्याच वर्षी बोस्नियातील स्रेब्रेनित्सा या संयुक्त राष्ट्रांनी घोषित केलेल्या ‘सुरक्षित क्षेत्रा’चा पाडाव होऊन आठ हजारांच्या आसपास पुरुष व मुलगे मारले गेले.

या नामुष्कीनंतर १९९९ मध्ये सुरक्षा परिषदेच्या ठराव १२७० ने सिएरा लिओनमधील मोहिमेला नागरिकांना वाचवण्याचा अधिकार प्रथमच स्पष्ट शब्दांत दिला. मात्र तो ‘आपल्या क्षमतेच्या आणि तैनातीच्या क्षेत्राच्या मर्यादेत’, शिवाय यजमान सरकारची जबाबदारी लक्षात घेऊन. खरी मेख या पुस्तीत आहे. क्षमता पुरेशी होती की नाही, हे ऐनवेळी तुकडीच ठरवते. आणि तुकडीचा अधिकारी मोहिमेच्या सेनापतीइतकेच, कधी त्याहून जास्त, आपल्या देशाच्या राजधानीचे ऐकतो. २०१० ते २०१३ या काळातील नागरिकांशी संबंधित ५०७ घटना संयुक्त राष्ट्रांच्याच अंतर्गत लेखापरीक्षकांनी तपासल्या. त्यांपैकी ४०६ घटनांत तातडीने काहीच केले गेले नव्हते.

दक्षिण सुदानमध्ये ही कोंडी उघडी पडली. डिसेंबर २०१३ मध्ये यादवी पेटताच शांतिसेनेने जीव वाचवायला आलेल्या नागरिकांसाठी तळांची दारे उघडली. आधी कुठल्याही आराखड्यात नसलेल्या या छावण्यांत पुढे दोन लाखांवर लोक राहिले. त्याच महिन्यात अकोबोच्या तळावर आश्रयाला आलेल्या डिंका या वांशिक समाजाच्या लोकांवर सशस्त्र तरुणांनी चाल केली, तेव्हा दोन भारतीय सैनिकांना प्राण गमवावे लागले. फेब्रुवारी २०१६ मध्ये मलाकालच्या छावणीत हल्लेखोर घुसले. त्यांच्यात सरकारी गणवेशातलेही होते. एक तुकडी मात्र गोळी चालवण्याची लेखी परवानगी मागत थांबून राहिली.

यजमान सरकारच्या संमतीवाचून मोहीम टिकत नाही, आणि अनेकदा नागरिकांना धोका असतो तो त्याच सरकारच्या फौजेकडून. २०२० पासून मलाकाल वगळता या छावण्या टप्प्याटप्प्याने दक्षिण सुदान सरकारच्याच हवाली करण्यात आल्या.