तानपुरा गेला कुठे?

ग्वाल्हेरला लष्कर भागातल्या मराठी घरांत गाणं शिकणाऱ्या मुलांचे फोन हल्ली तालमीच्या रेकॉर्डिंगनी भरलेले असतात. गुरुजींना विचारायचं, बटण दाबायचं, झालं. पण यमनची ती बोलतान नेमकी कुठल्या दिवशी सांगितली, ते महिन्याभरानं कोण शोधणार? वहीवरून नजर फिरवता येते. तासाभराच्या रेकॉर्डिंगवरून नाही.

फोनमधल्या जागेची आता फारशी अडचण नाही. माणसाच्या कानाला फार तर २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येतं आणि ध्वनी नीट टिपायला त्याच्या दुपटीहून जास्त नमुने, म्हणजे आवाजाची क्षणोक्षणीची मोजमापं, दर सेकंदाला लागतात. म्हणून सीडीवर ते ४४,१०० असतात. या हिशेबानं स्टिरिओ आवाजाचं एक मिनिट साधारण १० एमबीचं होतं. एमपीथ्रीमध्ये मोठ्या आवाजाखाली दबून कानाला जाणवत नाही असं बरंचसं गाळतात, आणि तेच मिनिट एक एमबीत बसतं.

खरी गंमत तानपुऱ्याची. व्हिडिओ कॉलवरची तालीम रेकॉर्ड केली की सुरुवातीला तानपुरा क्षणभर वाजतो आणि मग विरून जातो. गोंगाट कमी करणाऱ्या सॉफ्टवेअरचा ठोकताळा असा, की बोलणं क्षणोक्षणी बदलतं, पंख्याची घरघर बदलत नाही. तेव्हा जे एकसारखं चालू आहे ते काढून टाका. या न्यायानं तानपुराही पंखाच! सेटिंगमध्ये जाऊन ही सोय बंद करावी. झूममध्ये तर संगीतासाठी 'ओरिजिनल साउंड' असा वेगळा पर्यायच आहे.

शोधायची सोय करायची तर आवाजाला वेळेचे पत्ते द्यावे लागतात. ऑडॅसिटी हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर त्यासाठी पुरेसं आहे. रेकॉर्डिंग ऐकता ऐकता कंट्रोल आणि एम दाबलं की त्या क्षणाला लेबल चिकटतं. त्यात 'अंतरा, दुसरी ओळ, निषादावर थांबणं' असं लिहून ठेवायचं. ही लेबलं सेकंदांसकट साध्या मजकुराच्या फायलीत काढता येतात, आणि मग 'निषाद' शोधणं सोपं.

सगळं आपोआप लिहून देणारी सॉफ्टवेअरही आहेत. २०२२ साली आलेलं व्हिस्पर ६ लाख ८० हजार तासांच्या आवाजावर शिकलेलं आहे. मराठीही जाणतं, पण त्या साठ्यात मराठीचा वाटा अगदी किरकोळ. त्यात भाषा सांगितली नाही तर ते सुरुवातीचे ३० सेकंद ऐकून ती ठरवतं. ग्वाल्हेरकर गुरुजी 'अरे, समेवर ये ना, इतनी जल्दी क्या है' म्हणतात तिथे त्याची पंचाईत होते. आलापात किंवा शांततेत तर ते कुणी न बोललेली वाक्यंही लिहून मोकळं होतं. गुरुजींचं बोलणं हुडकायला ते चालेल. बंदिशीचे शब्द मात्र हातानंच लिहावेत.

आणि फायलीच्या नावात आधी साल, मग महिना, मग दिवस: '२०२५-०१-१४ यमन'. कॉम्प्युटर नावं डावीकडून जुळवतो. दिवस आधी लिहिला तर सगळ्या महिन्यांच्या चौदा तारखा एका जागी येऊन बसतात.