शांत काट्यामागचा ताप

गाडीमागे कॅराव्हॅन, म्हणजे राहायची सोय असलेला ट्रेलर, जोडलेला आहे आणि लांबलचक चढ सुरू झालाय. अशा वेळी बहुतेक चालकांची नजर तापमानाच्या काट्यावर जाते. काटा मधोमध दिसला की जीव भांड्यात पडतो. पण तो काटा इंजिनातल्या कूलंटचा, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचा असतो. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या पोटातलं ऑइल किती तापलंय, हे तो सांगत नाही. कित्येक गाड्यांत त्या ऑइलसाठी वेगळा काटाच नसतो, फक्त इशाऱ्याचा दिवा असतो, आणि तो लागेपर्यंत बराच उशीर झालेला असतो. ट्रेलर ओढण्यासाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या गाडीत ही उणीव असूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

एवढी उष्णता येते कुठून? १८४५ साली जेम्स जूल यांनी पाण्याच्या भांड्यात पात्यांचं चाक बसवलं, दोरीला बांधलेली वजनं खाली सोडून ते फिरवलं आणि पाणी किती तापतं ते मोजलं. वजनं पुन्हा पुन्हा वर नेऊन सोडली, तरी पाण्याचं तापमान एका अंशानेही वाढत नसे. पण त्या एवढ्याशा वाढीतून एक गोष्ट पक्की झाली: द्रव घुसळण्यात खर्ची पडलेलं काम नाहीसं होत नाही, त्याची उष्णता होते. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या तोंडाशी बसलेला टॉर्क कन्व्हर्टर हे जूल यांचंच भांडं आहे. फक्त तिथे पाण्याऐवजी ऑइल आहे आणि पाती फिरवायला अख्खं इंजिन आहे.

कन्व्हर्टर म्हणजे ऑइलने भरलेलं, बंद पोलादी कवच. आत समोरासमोर दोन पातीदार चाकं. एक इंजिनाबरोबर फिरतं आणि ऑइल जोरात दुसऱ्यावर फेकतं. त्या माऱ्याने दुसरं फिरू लागतं आणि गिअर हलतात. मधलं तिसरं चाक, स्टेटर, परतणाऱ्या ऑइलला योग्य दिशा देतं. हेर्मान फ्योटिंगर या जर्मन अभियंत्याने १९०५ साली याचं पेटंट घेतलं ते जहाजांसाठी, कारण वाफेचं टर्बाइन फार वेगाने फिरतं आणि पंख्याला मात्र संथ गती हवी असते. गाडीत याचा मोठा फायदा असा, की जागेवरून निघताना इंजिनाचं पीळबळ, म्हणजे टॉर्क, जवळजवळ दुप्पट होऊन चाकांकडे जातं. मात्र हे बळ वाढतं ते कन्व्हर्टरमधल्या दोन पातीदार चाकांच्या वेगात फरक असतो तेव्हाच. वेगातल्या या फरकाला स्लिप म्हणतात. स्लिप आहे तिथे घुसळण आहे, आणि घुसळण आहे तिथे ताप. कन्व्हर्टरचा गुण आणि त्याचा दोष एकाच ठिकाणी राहतात.

थोडा हिशेब करू. गाडी दोन टनांची, ट्रेलर दोन टनांचा, दर १०० मीटरला ६ मीटर उंची वाढवणारा चढ आणि वेग ताशी ६० किलोमीटर. एवढं वजन वर उचलायलाच सुमारे ३९ किलोवॅट लागतात. टायरचं घर्षण आणि ट्रेलरच्या सपाट तोंडावर आदळणारी हवा धरली, तर आकडा साठाच्या घरात जातो. आता कन्व्हर्टर १५ टक्के शक्ती स्लिपमध्ये गमावतोय असं समजा. म्हणजे जवळपास १० किलोवॅट ऑइलमध्ये जिरतात, एक-एक किलोवॅटचे दहा हीटर एकदम लावल्यासारखे. गिअरबॉक्समध्ये ८ लिटर ऑइल असेल आणि ही उष्णता बाहेर नेणारं काहीच नसेल, तर तापमान एका मिनिटात सुमारे ४० अंशांनी चढेल. प्रत्यक्षात थोडी उष्णता धातू शोषतो आणि बरीचशी कूलर नेतो. पण चढ संपेपर्यंत दोन्ही बाजूंची रस्सीखेच चालूच असते.

म्हणूनच कूलरचा विचार करण्याआधी स्लिपचा करायला हवा. १९४९ साली पॅकार्ड कंपनीने आपल्या अल्ट्रामॅटिक गिअरबॉक्समध्ये कन्व्हर्टरच्या आतच एक क्लच बसवला. वेग स्थिरावला की तो दोन्ही पातीदार चाकं एकमेकांना जखडून टाकतो. त्याला लॉक-अप म्हणतात आणि आज तो जवळपास प्रत्येक टॉर्क कन्व्हर्टरमध्ये असतो. लॉक-अप लागला की स्लिप जवळजवळ संपते आणि त्या दहांपैकी बहुतेक हीटर विझतात. अडचण अशी, की वरच्या गिअरमध्ये गाडी दमू लागली आणि चालकाने पेडल आणखी दाबलं, की संगणक जादा बळासाठी लॉक-अप सोडतो. मग गिअर खाली, जरा वेग आला की वर, पुन्हा खाली. ही चाळवाचाळव सुरू झाली, की ऑइलचं तापमान भराभर वाढतं.

उपाय चालकाच्या हातात असतो. चढ सुरू होण्याआधीच एक गिअर खाली यावं आणि तिथेच राहावं. गाडीत टो मोड, म्हणजे ट्रेलर ओढतानाची खास सेटिंग, असेल तर तो सुरू करावा. गिअर लवकर न बदलणं हे त्याचं मुख्य काम. इंजिनाचा आवाज वाढतो, आणि त्या आवाजाला लोक उगाच घाबरतात. खालच्या गिअरमध्ये बळ वाढवण्याचं काम दाते करतात, आणि दात्यांना ते फार कमी उष्णतेत जमतं. शिवाय इंजिन जोरात फिरतं तेव्हा गिअरबॉक्सचा ऑइल पंप आणि कूलंटचा पंप हे दोघेही जास्त द्रव फिरवतात.

वेगाचंही तसंच. हवेच्या विरोधाला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. ताशी ८० वरून १०० वर गेलात, की फक्त हवा कापायला जवळजवळ दुप्पट शक्ती लागते. उभ्या भिंतीसारखा ट्रेलर मागे असताना हा फरक नुसता कागदावरचा राहत नाही.

ऑइल तापल्याने बिघडतं काय? रासायनिक क्रियांचा एक ढोबळ नियम आहे: तापमान १० अंशांनी वाढलं, की क्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो. ऑइलचं ऑक्सिडीकरणही याच चालीने चालतं. ८० ते ९५ अंशांत ऑइल निवांत काम करतं. ११५-१२० च्या पुढे चिकट वॉर्निश धरायला लागतं, त्यानंतर रबरी सील कडक होतात आणि १५० च्या आसपास क्लचच्या चकत्यांचं अस्तर करपू लागतं. गाडीगणिक या मर्यादा थोड्या बदलतात, त्यामुळे गाडीसोबतच्या पुस्तिकेतला आकडा अखेरचा मानावा. खरं संकट पुढेच आहे. कडक सीलमधून दाब गळतो, दाब कमी झाला की चकत्या घट्ट धरत नाहीत, त्या घसरतात आणि घसरल्या की आणखी तापतात.

कूलरबद्दल एक गैरसमज दिसतो. बऱ्याच गाड्यांत ऑइलची नळी रेडिएटरच्या टाकीतून फिरवलेली असते. तिथे ऑइल कूलंटपेक्षा थंड होऊच शकत नाही, आणि चढावर कूलंट स्वतःच शंभरीच्या आसपास असतं. म्हणून वाऱ्यावर चालणारा वेगळा ऑइल कूलर उपयोगी पडतो. पण तो थर्मोस्टॅटसह असावा. ऑइल फारच थंड राहिलं तर ते घट्ट राहतं आणि कित्येक गाड्या तोवर लॉक-अप लावतच नाहीत.

सगळ्यात वाईट प्रसंग मात्र हमरस्त्यावर येत नाही. तो मुक्कामाच्या जागी येतो, ट्रेलर चढावर रिव्हर्समध्ये लावताना. चाकं जेमतेम हलतात, म्हणजे इंजिनाची जवळजवळ सगळी शक्ती घुसळणीत जाते. आणि समोरून वाराही नसतो. अमेरिकेत ट्रेलर ओढण्याची क्षमता ठरवणाऱ्या एसएई जे२८०७ चाचणीत ॲरिझोनातला डेव्हिस डॅमचा सुमारे १८ किलोमीटरचा चढ भर उन्हात, एसी पूर्ण सुरू ठेवून चढायचा असतो. पण त्याच चाचणीत १२ टक्के चढावर पाच मिनिटांत पाच वेळा जागेवरून निघायचं असतं, पुढे आणि रिव्हर्समध्येही. ही दुसरी अट घालणाऱ्यांना कन्व्हर्टर नीट कळला होता. फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीत असते तशी लो-रेंज, म्हणजे खूप संथ गतीची जादा गिअर-जोडणी, असेल तर अशा वेळी ती वापरावी, नाहीतर एकदोन प्रयत्नांनंतर थांबून ऑइलला दम घेऊ द्यावा.

तापमानाचा आकडा दिसण्यासाठी गाडीच्या निदान-पोर्टवर, म्हणजे बिघाड तपासायच्या जोडणीवर, लागणारा छोटा रीडर तरी जरूर घ्यावा. आकडा १२० कडे सरकू लागला, तर सुरक्षित जागी थांबावं, हँडब्रेक ओढावा, चाकांना अडण्या लावाव्यात आणि गिअर न्यूट्रलमध्ये टाकावा. इंजिन बंद करू नये. ऑइलचा पंप इंजिनावर चालतो. इंजिन थांबलं की ऑइल कूलरकडे जायचंही थांबतं. न्यूट्रलमध्ये घुसळण जवळजवळ नसते. इंजिन किंचित वाढवून तसंच चालू ठेवलं, की काही मिनिटांत आकडा उतरायला लागतो. उतरला नाही, तर पुढचा चढ त्या दिवशी चढू नये. आणि गाडी परत आल्यावर ऑइल तपासून घ्यावं. ते काळपट झालंय का यापेक्षा त्याला करपल्याचा वास येतो का, हे आधी पाहावं.