कालचा संगणक आणि कालच्या फाइली: स्नॅपशॉट व बॅकअप यांची निवड

मागच्या पावसाळ्यातील एका रात्री मी घरच्या संगणकावर अपडेट चालवले, तो बंद करून पुन्हा सुरू केला आणि पडद्यावर काळोखाखेरीज काहीच उमटेना. ग्राफिक्स कार्डाचा नवा ड्रायव्हर (कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर) आणि आधीची प्रणाली यांचे जुळत नव्हते. या संगणकावर विंडोजऐवजी लिनक्स ही प्रणाली आहे आणि त्यात टाइमशिफ्ट हे रोज प्रणालीचा स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणीच्या अवस्थेची नोंद, घेणारे सॉफ्टवेअर बसवलेले होते. पेनड्राइव्हवरून संगणक सुरू केला, आदल्या दिवशीचा स्नॅपशॉट निवडला आणि अर्ध्या तासात यंत्र पूर्ववत झाले. त्या रात्री मी निर्धास्त झोपलो. चार महिन्यांनी त्याच संगणकाची हार्ड डिस्क टकटक आवाज करू लागली आणि दुसऱ्या दिवशी संगणक तिला ओळखेनाच. सगळे स्नॅपशॉट त्याच डिस्कवर होते. आईने म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्यांची सतरा ध्वनिमुद्रणे मी त्या संगणकावर ठेवली होती. त्यांपैकी अकरा दुसऱ्या एका डिस्कवर उतरवलेली होती म्हणून वाचली, सहा कायमची गेली.

एकाच यंत्रावर घडलेल्या या दोन गोष्टींत स्नॅपशॉट आणि बॅकअप, म्हणजे दुसरीकडे ठेवलेली वेगळी प्रत, यांतला सगळा फरक सामावलेला आहे. ‘कोणते सॉफ्टवेअर चांगले?’ असे विचारणाऱ्याने आधी ठरवायला हवे की आपण कोणत्या नुकसानीची तयारी करत आहोत. संगणक शाबूत आहे पण आतली प्रणाली बिघडली, हे एक संकट. संगणकच उरला नाही, हे दुसरे. पहिल्यावर स्नॅपशॉटसारखा उपाय नाही, पण दुसऱ्यात तो काहीच कामाचा नसतो.

स्नॅपशॉट क्षणार्धात कसा तयार होतो, हे समजून घेतले की त्याची ताकद आणि मर्यादा दोन्ही कळतात. सातबाऱ्यावर मालक बदलला की जुने नाव खोडून पुसून टाकत नाहीत. ते कंसात जाते, नव्या नावापुढे फेरफार क्रमांक पडतो आणि कोणत्या वर्षी जमीन कोणाच्या नावावर होती, हे पुढेही वाचता येते. बीटीआरएफएस आणि झेडएफएस यांसारख्या फाइल व्यवस्था, म्हणजे डिस्कवर फाइली मांडून ठेवण्याच्या पद्धती, नेमके हेच करतात. फाइलचा एखादा भाग बदलला तर या व्यवस्था जुन्या जागेवर लिहीत नाहीत, नवा मजकूर मोकळ्या जागी लिहितात आणि नोंदवहीतला निर्देश तिकडे वळवतात. स्नॅपशॉट घेणे म्हणजे त्या क्षणीची नोंदवही जपून ठेवणे, एवढेच. मजकुराची नक्कल होतच नाही, म्हणून पाचशे जीबीच्या डिस्कचा स्नॅपशॉटही एका क्षणात होतो आणि सुरुवातीला जवळजवळ जागाच घेत नाही. पुढे जसजशा फाइली बदलत जातात, तसतसे जुने तुकडे जपून ठेवावे लागतात आणि जागा भरू लागते. मात्र नवी नोंद आणि जुनी नोंद एकाच दप्तरात असतात. दप्तराला आग लागली की दोन्ही जातात.

ही युक्ती घरगुती संगणकापर्यंत यायला वेळ लागला. झेडएफएस सन मायक्रोसिस्टिम्सने २००५ मध्ये खुले केले. बीटीआरएफएस २००९ मध्ये लिनक्सच्या गाभ्यात आले आणि फेडोरा या लिनक्सच्या एका प्रकाराने २०२० मध्ये आपल्या ३३व्या आवृत्तीपासून डेस्कटॉपसाठी तीच मूळ निवड केली. ओपनसुसे या लिनक्समध्ये स्नॅपर हे साधन प्रत्येक अपडेटच्या आधी आणि नंतर आपोआप स्नॅपशॉट घेते आणि संगणक सुरू होतानाच्या यादीतून थेट जुन्या अवस्थेत शिरता येते. माझ्यासारख्यांच्या संगणकावर मात्र बहुधा ईएक्सटी-४ ही फाइल व्यवस्था असते आणि तिच्यात स्नॅपशॉटची सोय नाही. तिथे टाइमशिफ्ट वेगळा मार्ग धरते. पहिल्या वेळी ते प्रणालीच्या सर्व फाइलींची खरी नक्कल करते. पुढच्या वेळी ज्या फाइली बदललेल्या नाहीत त्यांची नक्कल न करता जुन्याच फाइलला आणखी एक नाव देते. याला हार्ड लिंक म्हणतात. दहा स्नॅपशॉटांतून एकच फाइल दहा नावांनी दिसते, पण डिस्कवर तिची जागा एकदाच मोजली जाते, आणि नऊ नावे पुसली तरी दहाव्या नावाने ती शिल्लक राहते. यासाठी डिस्क लिनक्सच्या फाइल व्यवस्थेची लागते, त्यामुळे विंडोजसाठी आखलेली एक्सटर्नल डिस्क नुसती जोडून हे काम होत नाही.

टाइमशिफ्ट बसवणाऱ्या अनेकांच्या लक्षात न येणारी एक बाब आहे. तुमची कागदपत्रे, छायाचित्रे आणि गाणी ज्या होम फोल्डरमध्ये असतात, ते टाइमशिफ्ट मुळातच वगळते. हा दोष नव्हे, तो जाणून केलेला निर्णय आहे. प्रणाली दोन दिवस मागे नेताना तुम्ही काल लिहिलेले पत्रही मागे जाऊन नाहीसे होऊ नये, हा त्यामागचा विचार. विंडोजमधील सिस्टिम रिस्टोर ही सोय २००० सालच्या विंडोज मिलेनियम आवृत्तीपासून आहे आणि तीही प्रणालीच्या फाइली, ड्रायव्हर आणि रजिस्ट्री (विंडोजच्या मांडणीची नोंदवही) मागे नेते, तुमचे दस्तऐवज नव्हे. हा भेद केवळ पुस्तकी नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये विंडोज १० चे एक मोठे अपडेट काही वापरकर्त्यांच्या डॉक्युमेंट्समधील फाइली पुसत असल्याचे उघड झाल्यावर मायक्रोसॉफ्टला त्याचे वितरण काही दिवसांतच थांबवावे लागले. प्रणाली मागे नेल्याने अशा फाइली परत मिळतील, याची शाश्वती नसते. त्यासाठी वेगळा बॅकअपच लागतो.

स्नॅपशॉटला आणखी एक शत्रू आहे. खंडणीसाठी फाइली कुलूपबंद करणारे रॅन्समवेअर अनेकदा विंडोजच्या शॅडो कॉपी, म्हणजे तिथले स्नॅपशॉट, पुसून टाकते. मे २०१७ मध्ये दीडशेच्या आसपास देशांत पसरलेल्या वॉनाक्राय या रॅन्समवेअरने हेच केले होते. संगणकाला जे दिसते ते संगणकात शिरलेल्यालाही दिसते, म्हणून घरगुती वापरात सर्वांत भक्कम बॅकअप हा वायर काढून कपाटात ठेवलेल्या डिस्कवरचा असतो. अमेरिकन छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला तीन-दोन-एकचा नियम यावरच बेतलेला आहे: तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक घराबाहेर. बॅकब्लेझ ही बॅकअप साठवणारी कंपनी आपल्या हजारो डिस्कांची आकडेवारी प्रसिद्ध करते. तीत वर्षाला शंभरामागे साधारण एक ते दोन डिस्क निकामी झालेल्या दिसतात. एका डिस्कच्या बाबतीत हा धोका लहान वाटतो, पण आपण डिस्क वर्षानुवर्षे वापरतो आणि आपल्याजवळ ती एकच असते.

आता बॅकअप कशाचा घ्यायचा? फक्त फाइलींचा, की संपूर्ण डिस्कची प्रतिमा, म्हणजे प्रणाली आणि सॉफ्टवेअरसकट सगळ्याची नक्कल? सर्वसाधारण घरात फाइलींचा पुरतो. प्रणाली पुन्हा बसवता येते, छायाचित्रे पुन्हा काढता येत नाहीत. पण मराठीत काम करणाऱ्यांसाठी एक खरी अडचण आहे. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टंकलेल्या दस्तऐवजात मराठी अक्षरे नसतातच. असतात ती रोमन अक्षरांचे संकेत, आणि त्यांना मराठी रूप देतो तो फॉन्ट. पंधरा वर्षांच्या दिवाळी अंकांच्या फाइली जपल्या, पण नव्या संगणकावर तो फॉन्ट आणि ते जुने सॉफ्टवेअर नसेल, तर पडद्यावर रोमन अक्षरांची खिचडी दिसते. अशा घरात किंवा छोट्या डीटीपी केंद्रात संपूर्ण डिस्कची प्रतिमा घेणे अगत्याचे आहे. त्यासाठी पेनड्राइव्हवरून चालणारे क्लोनझिला मोफत आहे, थोडे रुक्ष आहे, पण खात्रीचे आहे. विंडोजमध्ये अंगचीच असलेली डिस्क-प्रतिमेची सोय मायक्रोसॉफ्टने २०१७ मध्येच कालबाह्य ठरवली आणि इतरांची साधने वापरावीत असे सुचवले. त्यामुळे ती अजून दिसत असली तरी तिच्यावर विसंबू नये. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्याने ज्यांना प्रणाली बदलायची आहे, त्यांनी आधी अशी प्रतिमा घ्यावी.

फाइलींचा बॅकअप रोज घ्यायचा तर दररोज सगळे उतरवणे परवडत नाही. जुनी पद्धत अशी, की पहिल्या दिवशी पूर्ण बॅकअप आणि पुढे रोज फक्त बदल. जागा वाचते, पण साखळी तयार होते, आणि मधली एक कडी खराब झाली तर तिच्यापुढच्या कड्या निरुपयोगी ठरतात. बोर्ग आणि रेस्टिक ही २०१५ च्या सुमारास आलेली मुक्त साधने हा प्रश्न फार सुंदर रीतीने सोडवतात. ती फाइलीचे सरासरी एक-दोन एमबीचे तुकडे करतात, प्रत्येक तुकड्याचा गणिती ठसा काढतात, आणि तो ठसा आधीच साठ्यात असेल तर तुकडा पुन्हा ठेवत नाहीत.

यातले कौशल्य तुकडे कुठे पाडायचे यात आहे. समजा चार जीबीच्या ईमेलच्या फाइलीत अगदी सुरुवातीला एक ओळ वाढली. दर एक एमबीला मोजून कापत गेलो तर पुढचा प्रत्येक काप एका ओळीने सरकेल, सगळे तुकडे वेगळे ठरतील आणि चार जीबी पुन्हा साठवावे लागतील. म्हणून ही साधने अंतर मोजत नाहीत. मजकुरावरून एक छोटी खिडकी सरकवत नेतात, तिच्यात दिसणाऱ्या बाइटांवर गणित करतात आणि उत्तर विशिष्ट आकृतिबंधाचे आले की तिथे काप घेतात. काप मजकुरावर ठरत असल्याने वाढलेल्या ओळीजवळचा एखादा तुकडा बदलतो आणि पुढचे सर्व काप पूर्वीच्याच जागी पडतात. यामुळे प्रत्येक दिवसाचा बॅकअप स्वतंत्रपणे पूर्ण असतो आणि तरीही जागा फक्त नव्या तुकड्यांना लागते. आज्ञा टंकण्याची सवय नसलेल्यांसाठी बोर्गवर आधारलेले पिका बॅकअप आणि व्होर्टा लिनक्सवर मिळतात.

ही साधने साठा कूटबद्ध करतात, म्हणजे डिस्क चोरीला गेली तरी फाइली वाचता येत नाहीत. याची दुसरी बाजू अशी की परवलीचा शब्द हरवला तर तुम्हालाही त्या वाचता येणार नाहीत, आणि त्यावर कोणाकडेच उपाय नाही. तो शब्द कागदावर लिहून घरातल्या महत्त्वाच्या कागदपत्रांबरोबर ठेवावा आणि घरातल्या आणखी एका माणसाला सांगून ठेवावा, असे मी आग्रहाने सांगेन.

क्लाउडबद्दल थोडक्यात. गुगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्हने फोल्डर जुळवून ठेवणे म्हणजे बॅकअप नव्हे. तुम्ही इथे फाइल पुसली की ती तिकडेही पुसली जाते आणि कचरापेटीत साधारण तीस दिवस राहते. घराबाहेरची प्रत म्हणून क्लाउड उपयोगी आहे, पण आधी हिशेब करावा. पाचशे जीबी डेटा सेकंदाला वीस मेगाबिट वेगाने चढवायला छप्पन्न तासांच्या आसपास लागतात, आणि तोच परत उतरवायलाही वेळ लागतोच. माझी घराबाहेरची प्रत बहिणीच्या घरी असलेल्या डिस्कवर आहे. दिवाळीत आणि मे महिन्यात आम्ही डिस्का बदलतो.

सॉफ्टवेअरच्या जाहिरातीत बॅकअप किती वेगात होतो हे लिहिलेले असते. मी मात्र एकच कसोटी सर्वांत वर ठेवीन: त्यातून फाइली परत काढणे किती सोपे आहे, आणि ते सॉफ्टवेअर उद्या बंद पडले तर त्या परत काढता येतील का? मॅक्रियम रिफ्लेक्ट या डिस्क-प्रतिमा घेणाऱ्या सॉफ्टवेअरची लोकप्रिय मोफत आवृत्ती कंपनीने बंद केली आणि २०२४ च्या आरंभी तिचा आधारही संपला. ज्यांच्या प्रतिमा केवळ त्या सॉफ्टवेअरलाच वाचता येतात, त्यांनी ते जपून ठेवणे आले. या दृष्टीने मॅकमधील टाइम मशीन आदर्श वाटते. २००७ पासून ते आहे, गेल्या चोवीस तासांतील तासातासाच्या, महिन्याभरातील रोजच्या आणि त्याआधीच्या आठवड्याआठवड्याच्या प्रती ठेवते, आणि फाइल परत काढणे लहान मुलालाही जमते. विंडोजमधील फाइल हिस्ट्री त्याच वळणाची आहे, मात्र तिला वेगळी डिस्क जोडून ती आपण होऊन सुरू करावी लागते.

परत काढून न पाहिलेल्या बॅकअपवर विसंबण्याचे सर्वांत बोलके उदाहरण ३१ जानेवारी २०१७ चे आहे. गिटलॅब या कंपनीतील एका अभियंत्याच्या हातून रात्री चुकीच्या सर्व्हरवरचा डेटाबेस पुसला गेला. बॅकअपकडे वळल्यावर कळले की रोजचा बॅकअप सॉफ्टवेअरच्या आवृत्त्या न जुळल्याने तयारच होत नव्हता, तो ज्या क्लाउडमध्ये जायचा ती जागा रिकामी होती, आणि बिघाड कळवणारे ईमेल नाकारले जात असल्याने ते कोणापर्यंत पोचलेच नव्हते. शेवटी कामी आला तो सुमारे सहा तास आधी एका चाचणीसाठी हाताने घेतलेला स्नॅपशॉट. हे सर्व त्या कंपनीने स्वतः जाहीरपणे सांगितले, याचे मला फार मोल वाटते.

म्हणून दर तीन महिन्यांनी मी कपाटातली डिस्क काढतो, ती दुसऱ्याच संगणकाला जोडतो, बोर्गला साठा तपासायला लावतो आणि एक फोल्डर परत उतरवतो. फाइलीचे नाव आणि आकार दिसला की काम झाले, असे मी मानत नाही; अर्धवट उतरलेली ध्वनिफाइलही सुरू होते आणि मध्येच तुटते. त्यामुळे उरलेल्या अकरांपैकी एक ध्वनिमुद्रण लावतो, शेवटच्या ओवीनंतर जाते थांबल्याचा आवाज येईपर्यंत ऐकतो आणि मग वायर काढतो.